स्फटिक मऊ पडण्याच्या वेळा

जळगावला निघण्यापूर्वी मी खानदेश नकाशात पाहिला होता आणि तेवढा पुरे, असं माझं प्रामाणिक मत होतं. सांगलीच्या माणसाला कृष्णेपलीकडचं जग तसंही थोडं अपुरंच वाटतं. त्यात मी सत्तावीस वर्षांची, एम.एस्सी.ला पहिला वर्ग, पीएच.डी.ची चार वर्षं भरलेली. म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या दोन आठवड्यांची निळ्या शाईतली वही माझ्याकडे अजून आहे. मध्ये नातीने ती चाळली आणि विचारलं, "आजी, ही शहाणी बाई कोण गं?" म्हटलं, होती एक ओळखीची. तिच्याबरोबर मी जळगाव-धुळ्याला गेले होते. फार त्रास दिला तिने सगळ्यांना.

तर या बाईंचं काम असं. काचेच्या नळीत सोडियम सिलिकेटचं पाणी आणि चिंचेत असतं ते आम्ल मिसळायचं. दोन-चार दिवसांत त्याची खरवसासारखी घट्ट वडी होते. तिच्यावर कॅल्शियम क्लोराईडचं पाणी अलगद सोडायचं आणि गप्प बसायचं. ते पाणी वडीत झिरपत जातं आणि महिना-दीड महिन्याने आत खडीसाखरेसारखे पारदर्शक स्फटिक धरतात. असे नऊ चांगले स्फटिक मी चार वर्षांत धरले होते. आता त्यांचा टणकपणा मोजायचा होता. त्याचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, जळगावच्या एका कॉलेजात होतं. आमच्या गाईड सरांनी निघताना बजावलं होतं, "टणकपणाचं प्रकरण झालं तर एप्रिलमध्ये प्रबंध देता येईल. नाही झालं तर मुदतवाढ मी मागणार नाही." ज्या शाळेत मी शिकवत होते तिथली बिनपगारी रजाही मार्चअखेर संपत होती. थोडक्यात, नऊ खडे आणि पंधरा दिवस.

जळगाव, पहिला रविवार

नऊ स्फटिक कापसात गुंडाळून फोटोच्या रोलच्या नऊ डब्यांत घातले होते, आणि त्या डब्या पर्समध्ये. ती पर्स मी सबंध प्रवासात खाली ठेवली नाही. पिंप्राळ्याला विमलअक्कांच्या घरी उतरले, तेव्हा हात वाकडा तो वाकडाच. विमलअक्का म्हणजे वडिलांच्या एका जुन्या मित्राची बहीण. मुलं नोकरीला बाहेरगावी, घरात एकट्या, आणि पाहुणी आल्याचा आनंद त्यांनी ताटातून व्यक्त करायचा ठरवलेला.

"कापूस आणलास होय?" पर्समधली डबी उघडल्यावर त्या म्हणाल्या. "जळगावला? बाई, समुद्राला मीठ घेऊन जायचं की मग."

पहिल्या जेवणाला कळण्याची भाकरी होती. ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे आणि त्यातच मीठ टाकायचं. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. मी म्हटलं, "आम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे, तिखटाचं आम्हाला नका सांगू." अक्का म्हणाल्या, "नाही सांगत." आणि खरंच नाही सांगितलं. तिसऱ्या घासाला माझ्या कानातून वारा वाहू लागला. आमच्याकडचं तिखट आधी रंगाने भीती घालतं, मग चवीला येतं. हे हिरवं, गरीब दिसणारं तिखट मात्र न सांगता येतं. अक्कांनी मुकाट्याने केळ्यांचा अख्खा फणा पुढे सरकवला. वहीत मी लिहिलं आहे, "येथील आहार साधा आहे." हो का!

प्रयोगशाळा

कॉलेज रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर होतं. जळगावला मुंबईची लाइन आणि सुरतेची लाइन एकत्र येतात, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. आणि तिथे मी एक विलक्षण प्रकार पाहिला. विभागप्रमुख चौधरी सर फळ्यावर शिकवत होते. बोलता बोलता एकदम थांबले. खडू हवेत, वाक्य अर्धं. मुलांनीही पेनं खाली ठेवली. शेजारच्या खोलीत तराजूवर वजन करणाऱ्याने हात मागे घेतला. धडधडत एक गाडी गेली. ती गेल्यावर सरांनी वाक्य जिथे तोडलं होतं नेमकं तिथून पुढे जोडलं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वहीतली नोंद: "लोक संथ आहेत. कामात वारंवार खंड पाडतात."

यंत्र म्हणजे सूक्ष्मदर्शकाला जोडायचा, पेरूएवढा एक जड भाग. त्याच्या टोकाला अगदी बारीक हिरा. स्फटिकाच्या गुळगुळीत अंगावर ठरावीक वजनाने तो हिरा टेकवायचा, पंधरा सेकंद ठेवायचा, उचलायचा. खाली इवलीशी शंकरपाळी उमटते. तिचे कर्ण मोजायचे. शंकरपाळी मोठी तर पदार्थ मऊ, लहान तर टणक. एकदा उमटली की ती जागा गेली. मोजकी अंगं, मोजक्या शंकरपाळ्या.

या यंत्राचे राखणदार लोटननाना. पन्नाशीचे, पांढरी टोपी, प्रयोगशाळा परिचर म्हणून बरीच वर्षं तिथेच. गाव पारोळ्याकडचं, त्यामुळे बोलणं पक्कं अहिराणी, पण माझ्याशी बोलताना जमेल तेवढं पुस्तकी मराठी मिसळायचे. मी पहिला स्फटिक बसवला, हिरा टेकवायला गेले, तोच ते म्हणाले, "ताई, जरासं थांबा. गाडी ई ऱ्हायनी."

"गाडी येतेय, मग?"

"टेबल हालस ना."

मी टेबलावर तळहात ठेवला. दगडी टेबल, चार माणसांना न उचलणारं. मला काही जाणवलं नाही. तरी शास्त्रीय वृत्ती म्हणून पाण्याचा पेला मागवला आणि टेबलावर ठेवला. पाणी ढिम्म. "बघा," मी म्हटलं, "काही हलत नाही." पेला यायच्या आत गाडी निघून गेली होती, हे त्या शास्त्रीय वृत्तीला सुचलं नाही.

वर मी म्हणाले, "नाना, या यंत्राचं पुस्तक मी पाठ केलंय. मला शिकवू नका."

"बरं ताई," नाना म्हणाले. त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला "चहा आणू का?" यापलीकडे काही विचारलं नाही.

खरी मौज पुढेच आहे. त्या खोलीत सूक्ष्मदर्शक एकच. इतर लोकही रांगेत. मग मी युक्ती काढली. गाडीच्या वेळेला हे लोक काम सोडून बसतात, तेव्हा यंत्र मोकळं असतं, तेवढ्यात आपण शंकरपाळी पाडून घ्यायची! मोठ्या हुशारीने मी नेमक्या त्याच वेळा गाठायला लागले. मधल्या वेळात कुणी उठलं तर तेव्हाही एखादी.

शोध लागला

शुक्रवारी आकडे कागदावर मांडले आणि मी खुर्चीतून उठलेच. स्फटिक दिवसातून तीन वेळा मऊ पडत होते! अकरा चाळीसला, एक पंचवीसला आणि चार दहाला. थोडेथोडके नाही, टणकपणाचा जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा. मधल्या वेळी पुन्हा टणक. सोमवारी तसंच, मंगळवारी तसंच, गुरुवारी तसंच.

आता एखाद्या समंजस मुलीने काय केलं असतं? तिने खिडकीतून बाहेर पाहिलं असतं. मी वहीचं नवं पान उघडून वर लिहिलं, "स्फटिकांची कालिक मृदुता", आणि खाली, जरा लहान अक्षरात, "माने परिणाम". माने म्हणजे मीच. ते दोन शब्द मी त्या पानावर अकरा वेळा वेगवेगळ्या वळणांनी लिहून पाहिले आहेत. नातीने मोजले.

लगेच गाईड सरांना तार केली. पुढच्या शनिवारी धुळ्याला त्या भागातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांचं एक दिवसाचं चर्चासत्र होतं आणि तिथे प्रात्यक्षिकासाठी हे यंत्र जाणारच होतं. मी चौधरी सरांना आलेख दाखवला आणि मलाही बोलायचं आहे म्हटलं. सरांनी आलेख पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीत हसले. मला वाटलं, कौतुकाने.

"नाव घालतो कार्यक्रमात," ते म्हणाले. "पण दोन दिवस आधी जा. धुळ्यात एकदा करून बघा, मग बोला."

रविवारी अक्कांच्या धाकट्या भावाच्या शेतावर भरीत होतं. आमच्याकडे भरीत हे तोंडी लावणं. इथे तो सोहळा. लांबट हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर ढिगाने भाजली, सोलली, आणि लाकडी भांड्यात मुसळीने ठेचली. त्यात हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. केळीच्या पानावर वाढलं आणि वीस माणसं जमिनीवर मांडी घालून बसली. एका बाजूला केळीची बाग, दुसरीकडे हरभरा. हवा अशी की सकाळी शाल लागावी आणि दुपारी सावली.

मी तिथेही माने परिणाम सांगितला. अक्कांचे भाऊ, आबा, लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "मंग तो खडा अकरा चाळीसले मऊ पडस?"

"हो."

"आन त्याले टाइम कोन सांगस?"

सगळे हसले. मीही हसले, पण वरच्या मजल्यावरून. मनात म्हटलं, यांना काय कळणार. खरं म्हणजे अख्ख्या खानदेशात त्या आठवड्यात विचारलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

बुधवारी अकरा चाळीसला स्फटिक टणक निघाला! दर दहा मिनिटांनी शंकरपाळ्या पाडत बसले, त्यात एक अख्खा स्फटिक खर्ची पडला. आणि बारा वीसला, हुश्श, मऊ. वहीत लिहिलं, "परिणाम आपली वेळ बदलू शकतो. कारण बहुधा हवेतील आर्द्रता." नाना तेव्हा खिडकीशी उभे होते. सुरतेकडची गाडी त्या दिवशी नरडाण्याला अडकून पडली होती, हे सगळ्या कॉलेजाला ठाऊक होतं. मला कोण सांगणार? मीच तर तोंड बंद केलं होतं.

धुळ्याची एस.टी.

गुरुवारी सकाळी नाना आणि मी धुळ्याला निघालो. स्फटिक उरले होते दोन. यंत्राचा तो जड भाग लाकडी पेटीत होता आणि पेटी नानांच्या मांडीवर. वर ठेवायला जागा होती, पण नानांनी ती खाली ठेवली नाही. बाळंतिणीचं बाळ धरावं तशी दोन्ही हातांनी धरून, खड्डा आला की स्वतः उचलले जाऊन पेटी हवेत झेलत बसले होते.

एरंडोलला एक बाई चढल्या, शेजारी बसल्या आणि पेटीकडे बघून म्हणाल्या, "काय शे वो भाऊ, डब्बामा?"

"यंतर शे, बहीन. टोकले हिरा शे त्याना."

"हिरा?"

सगळी एस.टी. आमच्याकडे वळून बघू लागली. मी नानांना कोपर मारलं, पण त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं.

"कितला मोठा?" मागून कुणी तरी.

"डोयाले दिसत नही इतला न्हाना."

"मंग हिरा शे हाई कसं समजनं?"

"खड्डा पाडस ना तो," नाना शांतपणे म्हणाले.

कंडक्टर तिकिटं फाडत होता. त्याच क्षणी गाडी अशी आदळली की माझा चष्मा नाकावरून ओठावर आला. कंडक्टर म्हणाला, "मग या रोडवर तुमचाच हिरा फिरलाय वाटतं, भाऊ!"

पारोळ्यापर्यंत लोक हसत होते. एका म्हातारबाबांनी मात्र गंभीरपणे सल्ला दिला, की पोरीनं दागिन्याचं असं उघड बोलू नये. मी एक शब्दही बोलले नव्हते.

धुळे, शुक्रवार

धुळ्यात आमची सोय सुशीलाताई मोरे यांच्याकडे होती. त्या तिथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. दारातून आत गेलं की समोर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांचं कपाट आणि कपाटावर मुलीचं शिवणयंत्र. घरात पहिल्यांदा एम.एस्सी. झालेल्या त्या. कौतुक करायला गेलं की म्हणायच्या, "हो, आणि भाकरी करपवणारीही पहिलीच."

शुक्रवारी त्यांच्या प्रयोगशाळेत यंत्र जोडलं. अकरा चाळीसला मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हिरा टेकवला. पंधरा सेकंद. उचलला. मोजलं.

टणक.

पुन्हा. टणक. एक पंचवीसला, टणक. चार दहाला, अगदी ठणठणीत. मधल्या वेळेला मोजलं तर तेवढंच. आठवा स्फटिक शंकरपाळ्यांनी भरून गेला आणि माने परिणामाचा पत्ता नाही.

मग मी काय करावं? नानांवर ओरडले. "एस.टी.त आपटलं तुम्ही! एरंडोलच्या पुढे! यंत्र बिघडवलंत!" सुशीलाताई दारात उभ्या होत्या. एवढ्या सज्जन माणसाशी मी ज्या आवाजात बोलले, तो आवाज आजही आठवला की मी कपाटात काही तरी शोधत असल्याचं सोंग करते.

नाना रागावले नाहीत. म्हणाले, "यंतर बरोबर शे, ताई. धुळ्याले गाड्या कमी. आन टेसन इथून लांब."

"गाड्यांचा काय संबंध?"

त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली. यंत्राची वही. कुणी यंत्र वापरलं की तारीख, वेळ, नाव आणि वजन लिहायचं, असा तिथला नियम. शेवटी एक अरुंद रकाना होता, तो नानांनी स्वतःच आखलेला. वर लिहिलं होतं "गा." माझ्या प्रत्येक शंकरपाळीसमोर त्यांनी बारीक अक्षरात नोंद केली होती. प्र. म्हणजे प्रवासी गाडी, मा. म्हणजे मालगाडी, आणि काही नसेल तर आडवी रेघ. अकरा चाळीस, प्र. एक पंचवीस, मा. बुधवारी अकरा चाळीस, रेघ. बुधवारी बारा वीस, प्र.

मी माझा आलेख शेजारी धरला. मग खाली बसले. खुर्ची नव्हती, पण बसले.

रुळांवरून गाडी गेली की जमीन थरथरते, जमिनीबरोबर टेबल. हाताला कळत नाही, पण हिऱ्याला कळतं. तो पंधरा सेकंद स्फटिकात टेकलेला असताना थरथरला की शंकरपाळी मोठी पडते. स्फटिक दिवसभर तेवढाच टणक होता. मऊ होतं ते माझं डोकं.

"नाना," मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगं व्हतं ना पयल्या दिशी. मंग तुम्हीन बोलनात, शिकाडू नका. मी शिकाडं नही," ते म्हणाले. "फक्त लिखी ठेवं."

त्या संध्याकाळी सुशीलाताईंनी डुबुकवड्या केल्या होत्या. तिखट रश्श्यात बेसनाच्या वड्या बुडत-तरंगत असतात. कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती. शेवटचं व्याख्यान, कु. शैला माने, "स्फटिकांची कालिक मृदुता: एक नवा परिणाम". चाळीस प्राध्यापक. आणि एप्रिल तोंडावर, हातात एकच कोरा स्फटिक.

"चार वर्षं गेली," मी म्हटलं.

"कुठे गेली?" सुशीलाताईंनी भाकरी उलटली. "तुमचे आकडे खोटे नाहीत. अर्धे रेल्वेचे आहेत, अर्धे तुमचे. वेगळे करा. तांदूळ निवडता येतात ना?"

ताट बाजूला सारून आम्ही तिघं ओसरीवर बसलो. नाना वहीतून वाचायचे, "गाडी," की मी आकडा खोडायचा. "रेघ," म्हटलं की सुशीलाताई तो दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायच्या. शेवटी त्यांनी ते आकडे वजनाप्रमाणे मांडले, आणि ते एका वळणदार रेषेत असे बसले, जशी शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी. चार वर्षांत माझे आकडे इतके शिस्तीत कधी उभे राहिले नव्हते. एक जागा सोडली तर टणकपणाचं प्रकरण झालं होतं. नानांच्या एका रकान्याने झालं होतं.

आता जीवात जीव आला आणि लगेच लबाडी सुचली. मी म्हटलं, "उद्या ताप आला असं सांगावं का? प्रकरण तर आहेच. त्या परिणामाचं कुणाला काही बोलायलाच नको."

"सांगा की," सुशीलाताई म्हणाल्या. "मीच निरोप देते. चाळीस माणसं विसरून जातील. फक्त हे आकडे निवडले कुणी, तेही कुणाला कळणार नाही." त्यांनी नानांकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. नाना आपली वही रुमालात बांधत होते.

शनिवार

मी फळ्यावर जाऊन कार्यक्रमातलं शीर्षक लिहिलं आणि त्यावर काट मारली. म्हटलं, "मी एक शोध लावला होता. काल तो गेला. कसा गेला, ते दोघांनी मिळून सांगायचं आहे." आणि नानांना पुढे बोलावलं. ते दाराशी चपला काढून आले. मी म्हटलं, "नाना, चपला!" तर म्हणाले, "व्यासपीठ शे ना."

मी दिवस, वेळ आणि आकडा वाचायचा, नानांनी रकाना.

"सोमवार, अकरा चाळीस. मऊ."

"प्रवासी."

"सोमवार, बारा. टणक."

"गाडी नही."

"मंगळवार, एक पंचवीस. फार मऊ."

"मालगाडी."

पहिल्या चार-पाचांना हसू. मग हसू थांबलं आणि लोक पुढे वाकले. बुधवार आला. "अकरा चाळीस. टणक." नाना म्हणाले, "गाडी नरडाण्याले अटकेल व्हती." सगळ्या हॉलने एकदम "अच्छा!" म्हटलं. चौधरी सर पहिल्या रांगेत बसून पुन्हा मिशीत हसत होते, आणि या वेळी मला त्या हसण्याचा अर्थ कळला.

चाळीसगावचे एक प्राध्यापक उठले. म्हणाले, "नाना, वही मिटा. बाई, तुम्ही नुसता आकडा सांगा, वेळ नको." मी सगळ्यात मऊ आकडा वाचला. नानांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "इतलं मऊ? मंग मालगाडी. भरेल. रिकामी इतली दाबत नही." वही उघडली. मा. लिहिलेलं होतं, आणि पुढे कंसात, "कोळसा". त्यानंतर हॉल कितीतरी वेळ हसत होता. मी त्यांच्याहून जास्त हसत होते, हे मला स्वतःलाच नवल वाटलं.

मग प्रात्यक्षिक. नववा, शेवटचा स्फटिक. माझ्या रेषेवर एक जागा अजून रिकामी होती. सगळ्यात हलक्या वजनाची. त्या वजनाचे जळगावचे सगळे आकडे गाड्यांनी खाल्ले होते. ती जागा भरल्याशिवाय तक्ता पुरा होत नव्हता. मी स्फटिक बसवला, भिंग जुळवलं, हात पुढे केला. हात थरथरत होता. मी मागे घेतला, पुन्हा केला. पुन्हा तेच. हलक्या वजनाला एवढी थरथरही पुरते. आता मीच मालगाडी झाले होते.

"नाना," मी म्हटलं, "तुम्ही करा."

"मी? मी पुसस फक्त, ताई."

"किती वर्षं?"

"अकरा."

"मग करा. मी शिकवणार नाही."

त्यांनी टोपी काढून ठेवली. हात धोतराला पुसले. खुर्चीवर बसले, एक श्वास सोडला, आणि हिरा असा उतरवला की तो कधी टेकला ते कुणालाच कळलं नाही. मोजणं मी आणि सुशीलाताईंनी दोनदोनदा केलं. शंकरपाळी नेमक्या मापाची, चारही कोपरे धारदार. आकडा फळ्यावरच्या रेषेवर जाऊन बसला.

प्रबंध एप्रिलमध्ये दिला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक कडक परीक्षक आले होते. त्यांनी पानं उलटत टणकपणाचा तक्ता काढला, पहिल्या ओळीतल्या सगळ्यात हलक्या वजनावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "एवढ्या कमी वजनाला इतका स्वच्छ आकडा मी कुणाचा पाहिला नाही. तुमचा हात फारच स्थिर दिसतो."

"तो माझा हात नाही, सर," मी म्हटलं, आणि त्यांना खुर्ची ओढून घ्यायला सांगितलं.